बालिसोंग: फिलिपिन्सचा दुमुठी चाकू घेण्याआधी आणि घेतल्यानंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालिसोंग म्हणजे नेमका कोणता चाकू?

एक पाते आणि दोन मुठी. दोन्ही मुठी पात्याच्या मुळाशी वेगवेगळ्या खिळींवर बसवलेल्या असतात आणि एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात. मिटल्यावर पाते दोन्ही मुठींच्या खोबणीत पूर्ण झाकले जाते. उघडल्यावर त्याच मुठी मागे जाऊन जुळतात, त्यांची एक मूठ होते आणि टोकाची छोटी कडी ती बांधून ठेवते. इंग्रजीतून आलेले ‘बटरफ्लाय नाइफ’ हे नाव याच चाकूचे.

यात स्प्रिंग नाही, बटण नाही, खटका नाही. रामपुरीत पाते अडकवून धरतो तो खटका, आणि खटका झिजला की पाते बोटांवर मिटू शकते. बालिसोंगमध्ये दोन्ही मुठी तुमच्या मुठीत आहेत तोवर पाते मिटायला जागाच नसते. रचना डोळ्यांसमोर येत नसेल तर अडकित्ता आठवा. अडकित्त्याचे दोन दांडे एकाच खिळीवर फिरतात. इथे दोन खिळी, आणि त्यांच्या मधोमध पाते.

याला ‘बेइन्ते नुएवे’ का म्हणतात?

स्पॅनिशमधले ते 29. उघडल्यावर चाकूची एकूण लांबी 29 सेंटिमीटर भरते, म्हणून हे नाव. पाते मुठीत मावायला हवे, त्यामुळे ते मुठीपेक्षा आखूडच असते: साधारण 16 सेंटिमीटरची मूठ आणि 13 सेंटिमीटरचे पाते धरा. आता याहून लहान आणि पुष्कळ मोठेही मिळतात. हातभर लांबीचे जे दुकानात टांगलेले दिसतात ते शोभेचे. संग्रहाची सुरुवात 29 च्या मापापासून करावी, कारण कारागिराचा हात या मापावर बसलेला असतो आणि त्याच्या कामाची तुलना याच मापात नीट करता येते.

हा चाकू बाराशे वर्षे जुना आहे हे खरे का?

‘इसवी सन 800 पासून’ हे वाक्य सगळीकडे छापलेले दिसते. त्याला कागदोपत्री आधार नाही. नावाची सांगितली जाणारी व्युत्पत्ती ‘बालिंग सुंगाय’, म्हणजे मोडलेले शिंग, ही तागालोग भाषेतली आहे आणि मुठीच्या शिंगाशी तिचा मेळ बसतो, पण तीही सांगोवांगीच. ठामपणे सांगता येते ते असे: विसाव्या शतकात हा चाकू बातांगास प्रांताची ओळख बनला, तिथल्या माणसाच्या खिशातले रोजचे हत्यार झाला, आणि फिलिपिन्समधल्या अमेरिकी सैनिकांनी तो आठवण म्हणून मायदेशी नेला. एवढा इतिहास पुरेसा आहे. विक्रेता हजार वर्षांची गोष्ट सांगून भाव वाढवत असेल तर चाकू पुन्हा खाली ठेवा.

खरे बालिसोंग कुठे बनतात? तिथे जायचे कसे?

लुझोन बेटावरच्या बातांगास प्रांतात, ताआल गावात. तिथल्या एका बरांगायचे (आपल्याकडचा वॉर्ड किंवा वाडी समजा) नावच बालिसोंग आहे. ताआल मनिलाच्या दक्षिणेला, रस्त्याने सुमारे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. मनिलाहून लेमेरीकडे जाणाऱ्या बसेस आहेत. लेमेरी आणि ताआल शेजारी-शेजारी, मध्ये फक्त पान्सिपित नदी. 1754 च्या ज्वालामुखी उद्रेकानंतर मूळ जागेवरून हलवून वसवलेले हे गाव सेंट मार्टिनच्या प्रचंड चर्चसाठी आणि हातच्या भरतकामासाठीही ओळखले जाते. त्यामुळे बाजारात भरतकामाचे कपडे आणि चाकू एकाच गल्लीत दिसले तर नवल वाटू देऊ नका.

सकाळी लवकर जावे. भट्टीचे काम उन्हाच्या आत उरकतात. दुपारी गेलात तर दुकान दिसेल, काम दिसणार नाही. आणि काम बघणे हाच तर इतक्या लांब जाण्याचा फायदा.

बाजारातल्या दुकानातून घ्यावा की थेट कारागिराकडून?

थेट कारागिराकडून. कारखान्यात छापल्यासारखे निघणारे परदेशी चाकू ताआलच्या कामापेक्षा स्वस्त पडतात, आणि त्या स्वस्ताईपुढे हातकाम करणारी घरे कमी होत चालली आहेत. कारागिराच्या हातात पडलेला पैसा पुढच्या चाकूच्या पोलादात जातो. संग्राहकाचाही त्यात स्वार्थ आहेच: कोणी बनवला, कशापासून बनवला, केव्हा बनवला हे माहीत असलेला चाकू आणि ‘फिलिपिन्सहून आणलेला’ चाकू यांची बरोबरी होऊ शकत नाही.

समोरचा माणूस बनवणारा आहे की फक्त विकणारा, हे कसे ओळखायचे? अर्धवट कामे दाखवायला सांगा. बनवणाऱ्याकडे न घासलेली पाती, खिळी न ठोकलेल्या मुठी, शिंगाचे कापलेले तुकडे, पितळेचा कीस हे सगळे असतेच. सगळे काम एकाच घरात होते असे मात्र नाही. पाते एकाने घडवायचे, पितळ दुसऱ्याने ओतायचे, जोडणी तिसऱ्याने करायची असेही चालते. त्यात लबाडी नाही. फक्त नोंद करताना तिघांचीही नावे विचारून घ्या.

तागालोगमधली तीन-चार वाक्ये खूप उपयोगी पडतात. आपण ‘दादा’ म्हणतो तसे वयाने बरोबरीच्या किंवा थोड्या मोठ्या पुरुषाला ‘कूया’, बाईला ‘आते’. आणि प्रत्येक वाक्यात आदराचा ‘पो’.
‘माग्कानो पो?’ – किंमत किती?
‘दितो पो बा गिनावा इतो?’ – हा इथेच बनवला का?
‘आनोंग बाकाल पो इतो?’ – हे कोणते पोलाद?
‘माय तावाद पा पो बा?’ – अजून काही कमी होईल का?

पाते कोणत्या पोलादाचे असते?

बहुतेक वेळा भंगारातल्या चांगल्या पोलादाचे. सगळ्यात जास्त चालतो तो जीपनी (तिकडची प्रवासी जीप) किंवा ट्रकचा पाटा. तिकडे त्याला ‘मोल्ये’ म्हणतात. आपल्याकडे गावचा लोहार ‘कमानपाट्याचा कोयता’ म्हणून जे अभिमानाने सांगतो, तेच हे पोलाद. त्याशिवाय मोठ्या बेअरिंगची कडी, जुनी कानस, रेल्वेचा रूळ यांपासूनही पाती निघतात. हल्ली न गंजणाऱ्या स्टेनलेसचीही मिळतात.

फरक कर्बाचा आहे. पाट्यात कर्ब साधारण 0.6 टक्के: पाते चिवट होते, वाकले तरी सहसा मोडत नाही, पण धार लवकर उतरते. बेअरिंगमध्ये सुमारे 1 टक्का: धार टिकते, पण पाणी देताना चूक झाली तर पाते काचेसारखे फुटते. पाणी द्यायच्या वेळी पोलाद इतके तापवतात की त्याला लोहचुंबक चिकटत नाही (ते सुमारे 770 अंश सेल्सिअसला होते), त्याहून थोडे वर नेतात आणि मग विझवतात. त्यानंतर ते पुन्हा हलके, दोनशे अंशांच्या आसपास, तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. घाईत हीच पायरी गाळली जाते. असे पाते दुकानात अप्रतिम धारदार वाटते आणि फरशीवर पडले की टोक उडते. म्हणून ‘कोणते पोलाद’ याच्या जोडीने ‘पाणी दिल्यावर परत तापवता का’ हेही विचारा. चांगला कारागीर या प्रश्नावर खुलतो आणि तुम्हाला थेट भट्टीपाशी घेऊन जातो.

पाते स्टेनलेस आहे की साधे, हे चुंबकाने कळत नाही; चाकूचे स्टेनलेसही चुंबकाला चिकटते. मुठीचे पितळ मात्र चुंबकाने तपासता येते. चिकटले, तर ते पितळेचा मुलामा दिलेले लोखंड आहे.

मुठीला काय काय वापरतात? त्यात काय टाळावे?

जुन्या पद्धतीची मूठ अशी: दोन्ही टोकांना पितळ, मधे शिंगाच्या किंवा हाडाच्या पट्ट्या, आणि हे सगळे आरपार पिना ठोकून बांधलेले. शिंग काराबाओचे, म्हणजे तिकडच्या पाळीव म्हशी-रेड्यांचे. काळे, किंवा मधाच्या रंगाचे पट्टे असलेले. लाकडात कामागोंग आणि नार्रा.

शिंगाच्या नावाखाली प्लास्टिक देतात. तापलेली सुई टोचून बघायला कोणी सांगितले तर ऐकू नका, चाकूला कायमचा डाग पडतो. मुठीच्या पातळ कडेमागे टॉर्च धरा: शिंगात धागे धावताना दिसतात आणि कडा तपकिरी उजळते, प्लास्टिक एकसारखे दिसते. हाडात बारीक काळसर ठिपके आणि रेषा असतात. त्या नसतील तर ते हाड नाही.

हस्तिदंत आणि समुद्री कासवाची पाठ यांना हात लावू नका, जुने असले तरी. दोन्हींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ या वन्यजीव व्यापाराच्या जागतिक कराराची बंदी आहे. हरणाच्या शिंगाची मूठ भारतात आणायचा विचारही करू नका. आपला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सांबरशिंगाच्या व्यापाराबाबत कडक आहे आणि तुमचे शिंग कोणत्या हरणाचे हे विमानतळावर सिद्ध करत बसावे लागेल. कामागोंगचे झाड फिलिपिन्समध्ये संरक्षित आहे, म्हणून त्या मुठीची पावती लाकडाच्या नावासकट घ्या.

हातात घेतल्यावर कसा तपासायचा?

हा भाग घाईने करू नका. दहा मिनिटे लागतात, आणि एकाही कारागिराला त्याचा राग येत नाही.

आधी चाकू मिटलेला असताना उजेडाकडे धरा आणि मुठींमधल्या फटीतून आत बघा. पाते दोन्ही भिंतींच्या मधोमध हवे. एका बाजूला कलले असेल तर उघडमीट करताना ते मुठीच्या आतून घासते. पात्यावर लांब चकचकीत ओरखडा दिसला की समजा, हे आधीपासून चालू आहे. कारण बहुतेकदा खिळीचे भोक तिरपे पडलेले असते, आणि ते दुरुस्त होत नाही.

आता चाकू उघडून कडी लावा आणि पात्याचे टोक चिमटीत धरून हलवा. डावी-उजवीकडे टोकाशी मिलिमीटरभर हालचाल हातकामात चालते. वर-खाली हलत असेल तर खिळीचे भोक लंबगोल झालेले आहे. तो चाकू घेऊ नका, भाव कितीही उतरवून दिला तरी.

पात्याच्या मुळाशी, खिळींच्या जवळ, एक किंवा दोन बारीक पिना बाहेर आलेल्या असतात. मुठी कुठे थांबायच्या हे त्या ठरवतात. पिन झिजलेली किंवा आखूड असेल तर मिटताना धार मुठीच्या आत आदळते आणि दर वेळी त्याच जागी खाच पडत जाते. तपासायला कागदाची बोटभर रुंद पट्टी पुरते: ती मुठीच्या खोबणीत तळाशी ठेवा, चाकू हळूच मिटवा, उघडा. कागदावर कापल्याची रेघ आली तर धार टेकते आहे. ही पट्टी खिशात ठेवूनच ताआलला जावे, कारण नव्याकोऱ्या चाकवांत सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच.

कडी आतल्या बाजूला वळवून बघा. लांब कडी सुटी लोंबकळत असताना धारेवर आपटते. कारागीर ती दोन मिनिटांत कानशीने कमी करून देतो, म्हणून तिथेच सांगा.

पात्याच्या पाठीवरून एका डोळ्याने बघा, बंदुकीचा नेम धरतात तसे. वाक लगेच दिसतो. टोकापाशी निळसर किंवा जांभळी झाक असेल तर चाकावर घासताना पाते जास्त तापले आणि तिथले पाणी उतरले. तेवढा भाग मऊ राहणार.

खिळींची डोकी गोल, गुळगुळीत हवीत. डोक्याभोवती शिंगाला केसासारखी चीर असेल तर हातोडी जोरात बसली आहे. ती चीर कोरड्या हवेत वाढतेच. शेवटी डोळे मिटून शिंग आणि पितळ यांच्या सांध्यावरून नख फिरवा. नख अडकले नाही तर जोडणी चांगली. चुना लावताना पानाच्या शिरेवर जसे बोट चालते तसे ते सरळ चालले पाहिजे.

किंमत कशी ठरते? घासाघीस करावी का?

पोलाद, मुठीचे साहित्य आणि जोडणीला लागलेले दिवस यांवर. सर्वांत महाग पडते ती जोडणी. दोन चाकू शेजारी ठेवले तर पोलाद आणि शिंग सारखे असूनही एकाची किंमत दुप्पट असू शकते, आणि ती रास्त असते. वरच्या तपासण्या दोघांवर करून बघा म्हणजे कारण कळेल. थोडी घासाघीस तिकडे चालते, पण दुकानदाराशी. बनवणाऱ्याने एकदा भाव सांगितल्यावर तो पाडण्याऐवजी दोन चाकू घेऊन थोडी सवलत मागणे बरे. रोख पेसो न्या.

मनासारखा बनवून घ्यायचा असेल तर काय सांगायचे?

तोंडी सांगू नका, कागदावर काढून द्या. पाते किती सेंटिमीटर, मूठ किती, पात्याची जाडी (3 ते 4 मिलिमीटर हे नेहमीचे माप), आकार सरळ, नागमोडी की दुधारी, धार एका बाजूला की दोन्ही बाजूंना, पोलाद, शिंगाचा रंग, कडी हवी की नको. पात्याच्या मुळाशी कारागिराचे नाव आणि वर्ष कोरून मागा. बहुतेक जण आनंदाने कोरतात. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे हाती आल्यावर. ‘परवा विमान आहे’ असे सांगून घाई केलीत तर गाळली जाणारी पहिली पायरी पाते परत तापवण्याची असेल.

दुधारी चाकू मागण्याआधी थांबून विचार करा. एकधारी चाकवात एक मूठ धारेकडची आणि एक पाठीकडची, त्यामुळे पाठीकडची धरून तो सुरक्षित उघडता येतो. दुधारीत सुरक्षित मूठ उरतच नाही. कायद्याच्या नजरेतही तो खंजिराच्या जवळ जातो.

जुना चाकू मिळाला. तो किती जुना हे कसे ओळखावे?

पात्यावरचे किंवा मुठीवरचे शब्द मदत करतात. ‘सुबिक बे’ किंवा ‘क्लार्क’ अशी अमेरिकी तळांची नावे असतील तर तो सैनिकांसाठी बनवलेला आठवणीचा माल, बहुधा तळ बंद होण्याआधीचा. क्लार्क 1991 मध्ये आणि सुबिक 1992 मध्ये रिकामे झाले. ‘पी. आय.’ म्हणजे फिलिपीन आयलंड्स. हे नाव 1946 च्या स्वातंत्र्याआधीचे, म्हणून विक्रेते असा चाकू दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा म्हणून विकतात. पण अमेरिकी खलाशी पुढे कित्येक वर्षे तेच नाव वापरत होते. केवळ त्या दोन अक्षरांवर जास्त पैसे देऊ नका.

‘बाली-साँग’ असे इंग्रजीत छापलेला, यंत्रावर बनवलेला, स्क्रू असलेला चाकू हा ताआलचा नव्हे. ते कॅलिफोर्नियात 1979 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे बेंचमेड झालेल्या कंपनीचे व्यापारचिन्ह आहे. तोही चाकू उत्तम, फक्त संग्रहातला कप्पा वेगळा.

जुन्या चाकवाला घासून नवा करू नका. पात्यावरची राखाडी-काळी छटा म्हणजे पोलादाने स्वतःवर घेतलेली साय आहे. ती गंज थोपवते. लाल-केशरी पूड म्हणजे गंज, तेवढाच काढायचा.

आपल्या पावसाळ्यात हा चाकू कसा सांभाळायचा?

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असते. पाट्याचे पोलाद उघडे ठेवले तर चार दिवसांत बोटांचे ठसे तांबूस उमटतात, कारण घामातले मीठ तिथे राहिलेले असते. म्हणून हाताळल्यानंतर दर वेळी पाते कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन पात्यावर फिरवा. खिळींना तेल सुईच्या टोकाने, एकेक थेंब. खोबरेल नको: ते थंडीत थिजते, काही महिन्यांनी चिकट होते आणि खिळीत अडकलेली धूळ धरून ठेवते.

ठेवायची जागा महत्त्वाची. चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नका. चामडे ओल धरते, कमावताना वापरलेली रसायने पितळावर हिरवा थर आणतात. सुती कापडात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या करा. शिंगाला कसर लागते, लोकरीला लागते तशी. दोन-तीन महिन्यांनी डबा उघडून मुठीवर बारीक भोके किंवा पूड दिसते का बघा. उलट, नागपुराकडच्या उन्हाळ्यात शिंग सुकून आक्रसते आणि पितळापासून सुटते. तिकडे मुठीला महिन्यातून एकदा तेलाचे बोट लावावे.

लाल गंज आलाच तर अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हाताने, पात्याच्या लांबीच्या दिशेने चोळा. व्हिनेगर, लिंबू नको.

पितळ काळे पडले. पितांबरी लावू का?

देवघरातल्या समईसाठी ती उत्तम, इथे नको. चिंच, लिंबू किंवा आंबटपणा असलेली कोणतीही पूड पाण्यासकट खिळीच्या आत शिरते, तिथून धुऊन निघत नाही, आणि पात्याचे मूळ आतून गंजते. बाहेरून चाकू लखलखीत आणि खीळ जाम, असे होते. उजळायचेच असेल तर धातूच्या पॉलिशचा ठिपका कापसाच्या काडीवर घ्या, खिळीपासून दूर राहून फिरवा, लगेच पुसा. पितळावरची तपकिरी झाक तशीच ठेवली तर उत्तम.

धार कशी लावायची?

दोन्ही मुठी मागे नेऊन कडी लावा, मग मुळाभोवती, खिळी झाकतील अशी, कागदी चिकटपट्टी गुंडाळा. सहाणेवरचा चिखल खिळीत गेला की पुढे कायम करकर आवाज येतो, पट्टी त्यासाठी. खाचा असतील तर 400 चा दगड (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), एरवी 1000 पासून सुरू करून 3000 वर संपवा. पाते दगडाशी सुमारे 20 अंशांत, दोन्ही बाजूंना सारखे घासा. काम झाल्यावर पट्टी काढा, पुसा, तेल. फिरत्या यंत्रावर धार लावून देणाऱ्याकडे देऊ नका. तो पाते तापवतो आणि कारागिराने दिलेले पाणी एका मिनिटात उतरते.

खिळी ढिल्या झाल्या. स्क्रू नाहीत, मग घट्ट कशा करायच्या?

ताआलच्या चाकवात खिळीचे डोके ठोकून पसरवलेले असते, म्हणून तो खोलता येत नाही. पण घट्ट करता येतो. खालचे डोके ऐरणीवर किंवा जाड लोखंडी ठोकळ्यावर सपाट टेकवा, वरच्या डोक्याच्या कडेने लहान गोल तोंडाच्या हातोडीने (100 ते 200 ग्रॅम) हलके ठोके द्या, गोल फिरत. मध्यावर नाही. दर तीन-चार ठोक्यांनंतर मूठ फिरवून बघा. एक ठोका जास्त झाला की मूठ आवळते. मग तेल घालून शे-दोनशे वेळा उघडमीट करत बसावे लागते. शिंग खिळीला लागून असेल तर हे काम स्वतः करू नका. सोनाराकडे न्या, त्याचा हात हलका असतो.

हा चाकू फिरवायला शिकायचे आहे. संग्रहातल्याच चाकवावर शिकू का?

नको. बोथट पात्याचा सरावाचा चाकू वेगळा मिळतो, त्यावर शिका. हातातून सुटून फरशीवर पडला की जुन्या चाकवाचे शिंग फुटते आणि तशी पट्टी पुन्हा मिळत नाही. पडणारा चाकू झेलायला हात पुढे करायचा नाही, पाय मागे घ्यायचा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

भारतात आणायला आणि ठेवायला परवानगी आहे का?

इथे सरसकट ‘हो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. 1959 च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या व्याख्येत धारदार प्राणघातक हत्यारे येतात. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू वगळलेल्या आहेत. नियमांमध्ये तलवार, खंजीर यांच्यासोबत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू नमूद आहेत. 29 सेंटिमीटरच्या बालिसोंगचे पाते साधारण 5 इंचांचे, म्हणजे या मापाच्या आत. पण त्याच कायद्याच्या कलम 10 प्रमाणे शस्त्राच्या आयातीला परवाना लागतो, आणि समोरची वस्तू शस्त्र की नाही हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. दुधारी पाते असेल तर शक्यता तुमच्या विरुद्ध जाते. दिल्लीत तर 1980 च्या अधिसूचनेमुळे काही प्रकारच्या चाकवांबाबत याहून पुष्कळ लहान मापे लागू आहेत. म्हणून खरेदीच्या आधी सीमाशुल्क कार्यालयाला चाकूचे फोटो आणि मापे देऊन लेखी विचारा, आणि परतताना लाल मार्गिकेतून जाऊन वस्तू जाहीर करा.

खिशात घेऊन फिरणे हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सोपे आहे: फिरू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1) खाली जिल्ह्याजिल्ह्यांत वरचेवर मनाई आदेश निघतात, त्यात चाकूही असतो. भंग केला तर कलम 135 लागते. फिलिपिन्समध्येही 1978 च्या बातास पाम्बान्सा क्र. 6 नुसार कामाच्या कारणाशिवाय धारदार हत्यार घराबाहेर बाळगणे गुन्हा आहे. ताआलहून मनिलाला येतानाही चाकू कागदात बांधलेला, बॅगेच्या तळाशी आणि पावती सोबत असू द्या. विमानात तो फक्त चेक-इन सामानात. मधे दुसऱ्या देशात थांबा असेल तर तिथला कायदाही आधी तपासा. सामान तिथून जाते, म्हणजे तो कायदा तुम्हालाही लागू शकतो.

आम्ही परदेशात राहतो. तिकडे?

ब्रिटन: 14 जुलै 2021 पासून घरात ठेवणेही गुन्हा, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना सूट आहे, पण वय सिद्ध करणे तुमच्यावर. जर्मनी: 2003 पासून बंदी. कॅनडा: बंदी असलेल्या शस्त्रांत गणना. ऑस्ट्रेलिया: परवानगीशिवाय आयात बंद. अमेरिका: केंद्रीय नियमांत बालिसोंगचे नाव घेऊन आयातीवर बंदी आहे, देशात आधीपासून असलेल्या चाकवांबाबत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. या देशांतल्या नातेवाइकाला भेट म्हणून टपालाने पाठवू नका. अडचणीत तो येईल, तुम्ही नाही.

संग्रहाची नोंद कशी ठेवायची?

प्रत्येक चाकूला एक पान. उघडी लांबी, मिटलेली लांबी, पात्याची लांबी-रुंदी-जाडी मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, पोलाद, मुठीचे साहित्य, खिळी पितळेच्या की लोखंडी, पात्यावरचे अक्षर न् अक्षर जसेच्या तसे. कोणाकडून, कुठे, कोणत्या तारखेला, किती पेसोला. कारागिराचे नाव त्याला विचारून लिहा आणि शक्य असेल तर त्यालाच त्याच्या हाताने लिहायला सांगा. फोटो चार: उघडा दोन्ही बाजूंनी, मिटलेला, आणि खिळींचा अगदी जवळून. पावती त्याच पानाला. जी माहिती ऐकीव आहे तिच्यापुढे ‘विक्रेत्याने सांगितले’ असे लिहा. वही चाकवांच्या डब्यात ठेवू नका, तेलाने पाने पारदर्शक होतात. आणि डबा कुलुपात, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी.